करहकटाचे दान आणि आगाशिवची लेणी

कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेले कऱ्हाड हे सातारा जिल्ह्यातील विद्येचे गाव आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय येथे १९६० साली सुरू झाले, आणि कृष्णेपलीकडील एका वसाहतीचे नावच विद्यानगर असे आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला येथे प्रीतिसंगम दाखवितात, यशवंतराव चव्हाणांची समाधी दाखवितात; फार तर जुन्या कोटातील नकट्या रावळाची विहीर. गावाच्या प्राचीनत्वाचा विषय निघाला की महाभारतातील करहाटकाचा उल्लेख सांगितला जातो. गावाच्या नैर्ऋत्येस, हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या आगाशिवच्या डोंगराकडे मात्र शिवमंदिराचे स्थान म्हणूनच बोट दाखविले जाते. त्याच डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत.

ही लेणी कोणाच्या बळावर उभी राहिली, याचा मागोवा घेण्यासाठी प्रथम कऱ्हाडपासून सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर दूर, मध्य प्रदेशातील भारहुतला जावे लागते. इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील तेथील स्तूपाच्या वेदिकेवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत ‘करहकट’ निगमाचे दान नोंदलेले आहे. हे करहकट म्हणजे आपले कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. पालि वाङ्मयात गाम, निगम, राजधानी असा क्रम येतो. निगम म्हणजे खेड्याहून मोठे, बाजारपेठेचे गाव. येथे दान कोणा राजाचे नाही, एका श्रेष्ठीचेही नाही. ते अख्ख्या निगमाच्या नावे आहे. वर्गणी कशी जमली, दान भारहुतपर्यंत कोणी नेले, हे शिलालेख सांगत नाही. परंतु धम्मकार्यासाठी एकत्र येऊन निर्णय घेणारा समाज या गावात त्या काळी होता, एवढे त्या दोन शब्दांवरून निःसंशय कळते. याच करहकटाच्या आर्य भूतक आणि उत्तरगिधिक यांनी तेथे एकेक स्तंभही दिला आहे.

दुसरा दाता कोकणात भेटतो. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील एक लेणे ‘करहाकड’ येथील महिक नावाच्या लोहवाणियाने, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याने, दिलेले आहे. कुड्याच्या दात्यांत माळी आहे, वैद्य आहे, सार्थवाह आहे. त्यांच्या पंक्तीला हा कऱ्हाडकर बसला आहे. गावाचे नाव एका ब्राह्मण पोटजातीच्या नावातून सर्वांना ठाऊक झाले. लोखंड विकून लेणे देणारा महिक मात्र त्याच्या गावी अपरिचित राहिला, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

आता आगाशिवकडे वळू. जखिणवाडीच्या बाजूने चढल्यास लेण्यांचा एक मोठा समूह लागतो. अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्याची येथे निराशा होते, कारण शिल्पवैभव जवळजवळ नाहीच. लहान दालने, भिक्षूंच्या खोल्या, दगडी ओटे, आणि काही लेण्यांत स्तूप. एका चैत्यगृहाच्या दाराशी कोरलेल्या स्तंभांपैकी एकावर धम्मचक्र आहे. माझ्या मते या साधेपणातच त्यांचे मोल आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्षूंना पाच प्रकारच्या ‘लेणां’ची अनुज्ञा दिली आहे, विहारापासून गुहेपर्यंत निवाऱ्याचे सर्व प्रकार त्यांत येतात. मराठीतील ‘लेणे’ हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे लेणे हे मुळात प्रदर्शनाची वस्तू नव्हे, आसऱ्याची जागा होय, आणि आगाशिवला तो अर्थ उघड्या डोळ्यांनी वाचता येतो.

येथील एका छोट्या लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे देयधर्म म्हणून दिल्याची नोंद आहे. पित्याचे नाव गोपाल, पुत्राचे संघमित्र! एका पिढीत घर संघाकडे वळले, असे अनुमान मोहक असले तरी केवळ नावांवरून ते करू नये.

या लेण्यांची पहिली दखल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बार्टल फ्रिअर यांनी घेतली. पुढे १८८० साली फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या ग्रंथात त्यांचे वर्णन आले. आपल्या उपासक-मंडळांच्या धम्मसहलीही बहुधा कार्ले-अजिंठ्याकडेच वळतात. उघड्या कातळावरील एक-दोन ओळींचे लेख ऊन-पावसात किती टिकतील? प्रत्येक लेण्याचा आराखडा, मापे, अक्षरांची छायाचित्रे, हे काम दोन-तीन हिवाळ्यांत उरकण्यासारखे आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मोजणीचा सराव हवाच असतो, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ब्राह्मी लिपीचा. आणि डोंगर तर दोघांच्याही वर्गाच्या खिडकीतून दिसण्याइतका जवळ आहे.