पाडावयाच्या वास्तूंतील चित्रशाळा

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून कित्येक वाचक कपाळास आठ्या घालतील हें मी जाणून आहें. ताम्रपट, बखरी, महजर व निवाडे यांचा जेथें ऊहापोह व्हावयाचा, तेथें परदेशांतील पडक्या इमारतींत चित्रकारांनीं मांडलेल्या प्रदर्शनांस जागा कां द्यावी, असें मला कोणी वीस वर्षांपूर्वीं विचारलें असतें, तर मींही नकारार्थीच उत्तर दिलें असतें. पुढें एका वाड्याच्या निमित्तानें माझें मत पालटलें. ती हकीगत ओघानें येईलच. ज्या भिंतीच्या पाडण्याचा दिवस ठरला आहे, तिच्यावर जें लिहिलें वा चितारलें जातें तें कशाच्या बळावर टिकतें, आणि 'साधन' या नात्यानें त्याचें मोल काय, हा प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आंतलाच आहे, बाहेरचा नव्हे.

जर्मन भाषेंत अशा वहिवाटीस 'त्स्विशेननुत्सुंग' असा सामासिक शब्द आहे. 'त्स्विशेन' म्हणजे मध्यें, व 'नुत्सुंग' म्हणजे उपयोग. जुना उपयोग संपला, नवा अद्याप सुरू झाला नाहीं. त्या मधल्या काळांत मालक नाममात्र भाड्यानें जागा देतो किंवा कोणी ती परस्पर बळकावतो. समास मोठा अन्वर्थक आहे. अशा वास्तूंचा सारा इतिहास त्याच्या पूर्वपदांत सांठविलेला असतो.

यांपैकीं सर्वांत बोधप्रद उदाहरण बर्लिन शहरांतील ओरानिएनबुर्गर मार्गावरील 'ताखेलेस' हें होय. मूळ इमारत फ्रान्झ आरेन्स या स्थपतीनें १९०७-०८ सालीं बांधली. फ्रीडरिख मार्ग व ओरानिएनबुर्गर मार्ग यांस जोडणारी ती एक आच्छादित पेठ होती. वर भव्य घुमट, आणि बांधणी लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटची, जी त्या काळीं नवलाचीच होती. पेठ चालली नाहीं. वर्षाच्या आंतच दिवाळें वाजलें. १९०९ सालीं वोल्फ वेर्टहाइम यानें तेथें मोठें दुकान थाटलें. तेंही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंद झालें. १९२८ पासून 'ए. ई. जी.' या विजेच्या सामानाच्या कंपनीनें 'तंत्रगृह' अशा नांवानें आपला माल मांडण्यास ती घेतली. पुढें नाझी अमदानींत त्या पक्षाच्या संस्थांनीं तेथें बिऱ्हाड केलें, दुसऱ्या महायुद्धांत बॉम्बगोळ्यांनीं तिची नासधूस झाली, व युद्धानंतर ती पूर्व जर्मनीच्या कामगारसंघाकडे गेली. म्हणजे चित्रकारांचा पाय लागण्यापूर्वींच या वास्तूचे इतके धनी झाले होते कीं, तिची वंशावळ लावावयाची तर एखाद्या वतनाच्या भाऊबंदकीचें दप्तर उलगडल्यासारखें वाटावें.

१९६९ व १९७७ अशा दोन पाहण्यांत इमारत पाडण्याचा अभिप्राय पडला. १९८० पासून पाडापाडीस सुरुवात झाली, घुमट उडविण्यांत आला, आणि उरलेला भाग १९९० च्या एप्रिलांत जमीनदोस्त व्हावयाचा होता. इतक्यांत ता. ९ नोव्हेंबर १९८९ रोजीं बर्लिनची भिंत खुली झाली. पूर्वेकडील शेंकडों रिकाम्या घरांचा खरा मालक कोण, हेंच कोणास सांगतां येईना. या गोंधळांत ता. १३ फेब्रुवारी १९९० रोजीं कलावंतांच्या एका टोळीनें ही इमारत ताब्यांत घेतली आणि पाडकाम थांबवावें म्हणून नगराच्या अधिकाऱ्यांकडे धांव घेतली. तेथें दाद लागली नाहीं. अखेर 'गोलमेज' म्हणून जी संक्रमणकालीन बैठक त्या वेळीं भरत असे, तिच्याकडून त्यांनीं तहकुबीचा हुकूम मिळविला. नवी पाहणी झाली, तींत इमारतीचा सांगाडा पुरेसा भक्कम ठरला, आणि ता. १८ फेब्रुवारी १९९२ रोजीं तिची नोंद संरक्षित वास्तूंत झाली.

येथें क्षणभर थांबावें. इमारत तीच, खांब तेच, मध्यंतरीं पावसापाण्यानें झाली असेल ती हानिच. तरी दोन पाहण्या 'पाडा' म्हणतात आणि तिसरी 'राहूं द्या' म्हणते. महजर वाचतांना मजकुराआधीं खालच्या साक्षी पाहाव्या, असें आमचे वडील संशोधक सांगत. पाहणीचा कागद हाही एक महजरच आहे. तो कोणी, केव्हां व कशासाठीं मागविला हें पाहिल्यावांचून त्यावर भरंवसा ठेवूं नये.

नांवाविषयीं दोन शब्द. तें कलावंतांतील एका वादकमंडळीवरून आलें. यिद्दिश बोलींत 'ताखेलेस' म्हणजे आडपडदा न ठेवतां बोलणें. मूळ हिब्रू शब्द 'तख्लीत', अर्थ प्रयोजन. आपला 'तात्पर्य' हा शब्दही 'तत्पर' यापासून निघून जवळजवळ त्याच मुक्कामास पोंचला आहे. त्याच रस्त्यावर १८६६ सालचें यहुद्यांचें 'नवें प्रार्थनामंदिर' आहे, आणि हा भाग एके काळीं त्यांच्या वस्तीनें गजबजलेला होता. ती वस्ती नाहींशी झाली. तिच्या बोलींतला हा शब्द मात्र त्या भागांत पुन्हा ऐकूं येऊं लागला. ही गोष्ट मला चित्रांहून अधिक लागली.

आंत चित्रकारांचे व मूर्तिकारांचे कारखाने, नाट्यगृह, चित्रपटगृह व उपाहारगृह अशी मांडणी झाली. मागील अंगणांत लोखंडी भंगाराच्या मूर्ति उभ्या राहिल्या. जिन्यांच्या भिंती तळापासून माथ्यापर्यंत रंगांनीं व अक्षरांनीं भरून गेल्या. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. १९९८ सालीं जागा 'फुंडुस' या व्यापारी मंडळीनें विकत घेतली व कलावंतांस दहा वर्षांचा पट्टा करून दिला. भाडें नांवापुरतें, एक मार्क. पट्ट्याची मुदत २००८ च्या अखेरीस सरली. मग कर्ज देणाऱ्या पेढीचा तगादा सुरू झाला. कांहीं मंडळी २०११ सालीं पैसे घेऊन बाहेर पडली, आणि उरलेल्यांस ता. ४ सप्टेंबर २०१२ रोजीं घालविण्यांत आलें. बावीस वर्षें झालीं! ज्यास आपण 'तात्पुरतें' म्हणून नाक मुरडतों, त्याचें आयुष्य मूळ पेठेपेक्षां आणि वेर्टहाइमच्या दुकानापेक्षां कितीतरी अधिक भरलें.

पुढें २०१४ सालीं जागा पुन्हा विकली गेली, भोंवतालीं नव्या इमारती उठल्या, आणि जुन्या वास्तूंत सप्टेंबर २०२३ मध्यें 'फोटोग्राफिस्का' हें छायाचित्रांचें संग्रहालय उघडलें. जिन्यांतील रंगीत रेघोट्या व अक्षरें तशींच ठेवलीं आहेत. १९९२ ची नोंद झाली ती १९०८ च्या इमारतीसाठीं. परंतु तिच्या आश्रयानें या भिंती राहिल्या आणि भिंतींबरोबर त्यांवरील रंगही. एखाद्या पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पृष्ठावर कोणी उसनवारीचा हिशेब टिपावा, आणि पोथी पूज्य म्हणून तो हिशेबही वांचावा, तसाच हा प्रकार. संग्राहकांस हा अनुभव नवा नाहीं; पुष्कळदां पोथीहून हिशेबच अधिक बोलका निघतो.

पॅरिसची गोष्ट निराळी. तेथें तेराव्या विभागांत सेन नदीकांठची एक नऊ मजली चाळवजा इमारत पाडावयाची होती. मेहदी बेन शेख या चित्रशाळाचालकानें नाना देशांच्या सुमारें शंभर चित्रकारांस बोलावून तिच्या खोल्या आंतून रंगविल्या. २०१३ चा ऑक्टोबर महिनाभर लोकांस ती फुकट दाखविली, आणि २०१४ च्या एप्रिलांत ती पाडली गेली. येथें कोणीं तहकुबी मागितली नाहीं. नाश हा संकल्पांतच होता. मागें राहिल्या त्या प्रतिकृति. त्यांविषयीं योजनाही मोठी चमत्कारिक होती: संगणकावर चित्रें मांडून, लोक जेवढे तुकडे निवडतील तेवढेच राखावयाचे. आपल्याकडील लेखकांनीं, म्हणजे नकलकारांनीं, दुसरें काय केलें? ज्या पोथीची नक्कल कोणास करावीशी वाटली ती राहिली.

तिसरें उदाहरण न्यूयॉर्क शहरांतील क्वीन्स भागाचें. 'फाइव्ह पॉइन्ट्झ' नांवाच्या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्या संमतीनें अनेक वर्षें चित्रित होत होत्या. नोव्हेंबर २०१३ मध्यें एका रात्रींत त्यांवर पांढरा रंग फांसण्यांत आला, आणि पुढील वर्षीं इमारत पाडण्यांत आली. चित्रकार न्यायालयांत गेले. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याप्रमाणें अशा चित्रकारांस लेखी सूचना व नव्वद दिवसांची मुदत द्यावयास हवी होती. ती दिली गेली नव्हती. २०१८ सालीं न्यायालयानें ४५ चित्रांबद्दल २१ चित्रकारांस ६७ लक्ष ५० हजार डॉलर देवविले, आणि २०२० सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निवाडा कायम केला. चित्र अल्पायुषी आहे एवढ्यावरून तें उपेक्षणीय ठरत नाहीं, हें निवाड्यांतील कलम मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. रकमेपेक्षां त्या नव्वद दिवसांचें मोल मोठें. नव्वद दिवसांत किती ठसे घेतां आले असते!

आतां त्या वाड्याची हकीगत. सन २००७ च्या चैत्रांत पुण्याच्या एका पेठेंतील वाडा पाडावयाचा ठरला. भाडेकरी निघून गेले होते, व नव्या इमारतीचे नकाशे मंजूर होऊन येण्यास अवकाश होता. तेवढ्या अवधींत चित्रकलेच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं मालकाच्या परवानगीनें तेथें आठ दिवसांचें प्रदर्शन मांडलें. मी गेलों तो प्रदर्शनासाठीं नव्हे. माळ्यावर रुमाल असल्याची कुणकुण लागली होती म्हणून. रुमालांत निघालीं तीं वाण्याचीं अलीकडचीं खातीं. निराश होऊन उतरत असतां माजघरांत पोरांची गर्दी दिसली. आपलें चित्र काढण्यापूर्वीं भिंत स्वच्छ करावी म्हणून त्यांनीं चुन्याचे पापुद्रे खरवडले, तों आंतून गेरू व निळीचे रंग वर आले होते. डावीकडे गजलक्ष्मीचा एक हत्ती. खालीं मोडी अक्षरांची एक ओळ. पोरांस मोडी वाचतां येत नव्हती. मीं वाचली ती अशी: आरंभीं 'शके सतराशें', पुढील आंकडे चुन्याखालीं, आणि शेवटीं 'चितारी' हा शब्द. चिताऱ्याचें नांव या दोहोंमधील चुन्याखालीं होतें.

त्या पोरांनीं मोठ्या समजुतीनें आपलें चित्र त्या भिंतीवर काढलें नाहीं. चुना धीरानें काढावा, घाई करूं नये, असा उपदेश मींच केला; सोबत होता तेवढ्या पातळ कागदावर हत्तीच्या पुढच्या पायाचा व ओळीच्या पहिल्या शब्दांचा ठसा घेतला, आणि पंधरा दिवसांनीं पुरेसें साहित्य घेऊन परत येण्याचें ठरविलें. पंधरा दिवसांनीं तेथें मातीचा ढीग होता. नकाशे अपेक्षेपेक्षां लवकर मंजूर झाले होते. दोष कोणास द्यावा? मालकानें कांहीं लपविलें नव्हतें. मींच पुन्हा विचारलें नाहीं. प्रदर्शन झालें नसतें तर ती ओळ कोणाच्याच दृष्टीस न पडतां मातींत गेली असती, हें मात्र मला कबूल केलें पाहिजे.

तो ठसा माझ्यापाशीं आहे. शके १७०० पासून १७९९ पर्यंत शंभर वर्षांचा अवधि पडतो, तेव्हां केवळ त्यावरून चित्राचा काळ ठरविणें अशक्य. अक्षरांच्या वळणावरून तें उत्तर पेशवाईंतील असावें असा माझा अंदाज आहे, पण अंदाज तो अंदाजच. त्या दिवशीं दोघां-तिघां विद्यार्थ्यांच्या हातीं छायाचित्रण-यंत्रें होतीं हें मला पक्कें आठवतें. मी गेल्यावर त्यांनीं आणखी चुना काढला असेल आणि ओळ पुढें उघडी झाली असेल, असाही संभव आहे. त्यांपैकीं कोणाच्या किंवा त्यांच्या परिचितांच्या संग्रहीं त्या भिंतीचें एखादें छायाचित्र असल्यास, तें कितीही अस्पष्ट असलें तरी, संस्थेच्या दप्तरीं कळविण्याची कृपा करावी.