खरे दस्तक, परके जहाज

मंडळी, मागच्या दिवाळीनंतर तुमच्यापैकी काहींना माझ्या नावाने पैशाचे निरोप गेले. त्याचा नीट खुलासा मी अजून केलेला नाही. फोनवर "हॅक झाले" एवढेच सांगून मोकळा झालो. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाने कारण न सांगता घटना सांगावी हे काही बरे नाही. म्हणून आज लिहितो.

आष्टीत (परतूर तालुक्यातली आमची, बापू गोखले पडले ती सोलापूर जिल्ह्यातली, मुले दरवर्षी घोळ घालायची) एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. हयातीच्या दाखल्याचा कागद व्हॉट्सॲपवर होता. दुकानातल्या मुलाने माझा अंगठा मोबाईलवर टेकवून घेतला, मोबाईल संगणकाच्या पडद्यावरच्या चौकोनासमोर धरला, कागद छापून दिला. मी पैसे देऊन घरी आलो. माझे व्हॉट्सॲप मात्र त्या संगणकावर उघडेच राहिले. तिथे दिवसभरात कितीतरी माणसे येऊन बसतात. चार दिवसांनी धाकट्या बहिणीला निरोप गेला, "अडचण आहे, आठ हजार पाठव." तिने लगेच पाठवले. दादाला कशाला विचारायचे, म्हणाली.

पिन कुणाला सांगितला नाही, ओटीपी सांगितला नाही, मग हे झाले कसे? तर चोराला त्यांची गरजच पडली नाही. दारावरची तपासणी मीच पार पाडली होती. त्याने फक्त आतला परवाना वापरला. चालू असलेले सत्र दुसऱ्याने बळकावणे, याला संगणकवाले सेशन हायजॅकिंग म्हणतात.

नातवाने समजावले ते असे. वेबचा मूळ स्वभाव विसराळू. एक पान दिले की सर्व्हर तुम्हाला विसरतो. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली याने त्यावर 'कुकी'चा तोडगा काढला. पुढे तिच्यातूनच ओळख चालू लागली. एकदा ओळख पटली की सर्व्हर एक लांबलचक आकडा देतो आणि ब्राउझर दर वेळी तो दाखवतो. आकडा ज्याच्या हाती, तो म्हणजे तुम्ही.

हे ऐकले आणि मला दस्तक आठवले. पोर्तुगीज आपल्या समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना देत. त्यात जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, माणसे, शस्त्रे, कुठून कुठे जाणार, सगळे लिहिलेले असे. म्हणजे परवाना त्या एका जहाजाला बांधलेला. पुढे कान्होजी आंग्रे स्वतःची दस्तके देऊ लागले. १७१३ मध्ये इंग्रजांशी तह झाला, कंपनीच्या जहाजांना त्रास द्यायचा नाही असा. पण इंग्रजी परवान्याखाली इतर व्यापाऱ्यांचा माल जाऊ लागला आणि भांडण पेटले. परवाना खरा, पण माल कुणाचा? कान्होजींचा प्रश्न रास्त होता. इंग्रजांनी त्यांनाच चाचा ठरवले, ते असो.

बंगालमध्ये तर कहर झाला. फर्रुखसियरच्या १७१७ च्या फर्मानाने कंपनीला जकात माफ झाली. कंपनीचे नोकर तीच दस्तके खाजगी व्यापाराला वापरू लागले, देशी व्यापाऱ्यांना विकूही लागले. चौकीवरचा शिपाई काय करणार? शिक्का अस्सल! मीर कासीमने अखेर १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात उठवली. शेवट बक्सारला, १७६४.

वेबवर ही चोरी किती सोपी आहे हे एरिक बटलर याने २०१० च्या ऑक्टोबरात 'फायरशीप' काढून दाखवले. तेव्हा पुष्कळ संकेतस्थळे पासवर्ड तेवढा कुलूपबंद पाठवत, नंतरची कुकी उघडी. उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याला ती आयती मिळे. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने सुमारे पाच कोटी खात्यांचे असे परवाने धोक्यात आल्याचे जाहीर केले (नंतर आकडा तीन कोटींवर आला) आणि खबरदारी म्हणून नऊ कोटी लोकांना बाहेर काढून पुन्हा आत यायला लावले. परवाना चोरीला गेला तर तो रद्दच करावा लागतो. नुसता पासवर्ड बदलून दर वेळी भागत नाही.

माझ्या मोबाईलवर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये तो संगणक सापडला. काढून टाकला. १९३० वर तक्रार केली, पैसे अजून आलेले नाहीत. बहिणीला मी माझे दिले, घेत नव्हती.

आता माझा निरोप गेला की ती आधी फोन करते आणि आमच्या लहानपणच्या गाईचे नाव विचारते. परवा मलाच पटकन आठवेना.