तिघींचा जॉन्सन

आमच्या मिरजेच्या घरात अमेरिका दोन वाटांनी आली होती. एक मिशन हॉस्पिटलच्या वाटेनं, दुसरी रेशनच्या दुकानातून. पहिलीचं नाव निघालं की आजी हात जोडायची, कारण डॉक्टर वानलेसांनी उभारलेल्या त्या दवाखान्यात तिची आई म्हणे मरता मरता वाचली होती. दुसरीचं नाव निघालं की नाक मुरडायची. १९६५ आणि ६६, लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला, तेव्हा रेशनवर मिळालेली तांबडी मिलो ज्वारी तिनं जन्मभर लक्षात ठेवली. मिलोची भाकरी थापली की कडा फाटायच्या, उलथताना तुकडे पडायचे. मग पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, त्यात मूठभर कणीक मिसळून ती कशाबशा भाकऱ्या उतरवायची. तिकडे हा दाणा गुरांना घालतात, असं आजोबांनी सांगितलं त्या दिवशी ती जेवली नाही, असं बाबा सांगायचे. आत्या म्हणते, जेवली होती, फक्त बोलली नाही.

या सगळ्याला आजीच्या लेखी जबाबदार एकच माणूस, अमेरिकेचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन. ती ‘जान्सन’ म्हणायची. त्याच्या आधीचा अध्यक्ष केनेडी तिला आवडे, कारण तो देखणा होता आणि त्याची बायको इथे येऊन हत्तीवर बसली होती. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होती. सकाळी रेडिओवर कळलं आणि तिनं दुपारी भात लावला नाही, पिठल्यावर भागवलं. त्याच दिवशी तिकडे विमानातच जॉन्सननं शपथ घेतली होती, शेजारी रक्ताचे डाग पडलेल्या कपड्यांत जॅकलीन उभी. आजीला तो प्रसंग कधी पटलाच नाही. "घटका तरी थांबायचं," म्हणायची.

धान्य देण्याचा अमेरिकेचा कायदा १९५४ सालचा, ‘पी. एल. ४८०’ नावाचा. रुपये मोजून गहू मिळे. जॉन्सननं मात्र वर्षाची बोली मोडून महिन्या-महिन्याला हात सैल सोडायला सुरुवात केली. भारतानं शेतीकडे लक्ष द्यावं, ही त्याची एक अट. व्हिएतनामच्या युद्धावर दिल्लीनं केलेली टीका त्याला झोंबली, हे दुसरं कारण. तरी १९६६ साली अमेरिकेच्या गव्हाचा जवळजवळ पाचवा हिस्सा आपल्याकडे आला, हे आजोबा तिला समजावत. "मोजून घास घालतो तो कसला दाता?" एवढंच तिचं उत्तर.

त्याच वर्षी तिची लेक, म्हणजे माझी आत्या, पुण्याला डॉक्टर होऊन शिकागोला निघाली. आजीनं मेतकूट, सांडगे आणि गोडा मसाला बांधून दिला, आणि बोट सुटल्यासारखी रडली. "मेल्यानं गहू दिला नि लेक नेली!" हे तिचं वाक्य आमच्या घरात आजही चालतं.

आत्याचा जॉन्सन वेगळा. ३ ऑक्टोबर १९६५ ला न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी बसून त्यानं परदेशी लोकांच्या प्रवेशाचा नवा कायदा केला. त्याआधी कायमचं राहायला भारतातून वर्षाला शंभर माणसं घेत. ब्रुकलिनचे खासदार इमॅन्युएल सेलर १९२४ पासून त्या जुन्या कोट्याविरुद्ध भांडत होते, तेव्हा कुठे एकेचाळीस वर्षांनी तो गेला. हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असं जॉन्सन त्या दिवशी म्हणाला होता. आज तिकडच्या गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांत गणपतीच्या आरतीला उभी राहणारी गर्दी पाहिली की या बोलण्याचं हसू येतं. डॉक्टरांची तर तेव्हा चणचणच होती. त्याच वर्षी ३० जुलैला म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची मेडिकेअर योजना आली होती, आणि तरुण अमेरिकन डॉक्टर सैन्यात भरती होत होते.

आत्याची पहिली मोठी आठवण बर्फाची. २६ जानेवारी १९६७ ला शिकागोवर तेवीस इंच बर्फ पडलं. साडीवर पुरुषी कोट, पायांत कुणाचे तरी बूट घालून ती कामावर गेली. "प्रजासत्ताक दिनाचं संचलन मी एकटीनं केलं," म्हणते.

दुसरी आठवण खोलीची. फोनवर "रिकामी आहे, या" म्हणणारा घरमालक साडी पाहिली की "आत्ताच गेली" म्हणायचा. शेवटी तिच्या वॉर्डातल्या थोरल्या नर्सबाईंनी आपल्या आळीत खोली मिळवून दिली. आत्या त्यांना आपल्याकडच्या सवयीनं ‘सिस्टर’ म्हणायची. या सिस्टर कृष्णवर्णीय, मूळच्या मिसिसिपीच्या. लाखो कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून रेल्वेनं शिकागोला आली, त्यांतल्याच. आत्याला अमेरिका कळली ती त्यांच्या स्वयंपाकघरात.

तिथे एक जानेवारीला चवळी शिजायची! आत्या पाहतच राहिली. आपलीच चवळी, सोबत कॉलर्ड नावाची जाड पालेभाजी आणि मक्याची भाकरी. नव्या वर्षाला हे खाल्लं की बरकत येते, अशी तिथली समजूत. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांबरोबर चवळी आणि भेंडी त्या देशात गेली. आत्यानं पुढच्या वर्षी त्यांना लसणाची फोडणी आणि गोडा मसाला घालून उसळ खिलवली. सिस्टरांनी दोनदा वाढून घेतली, पण डुकराच्या हाडाशिवाय चवळी ही त्यांना अखेरपर्यंत थट्टाच वाटली.

जेवता जेवता त्या सांगायच्या. १९५५ मध्ये शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल मिसिसिपीत पाहुणा गेला आणि गोऱ्यांनी त्याला हालहाल करून मारलं. त्याच्या आईनं शवपेटी उघडी ठेवली, लेकराचं काय केलं ते जगाला दिसू दे म्हणून. ते पाहायला लागलेल्या रांगेत सिस्टर उभ्या होत्या. त्यांचा थोरला भाऊ मिसिसिपीतच राहिला. मतदार व्हायला तिथे राज्यघटनेच्या कलमाचा अर्थ लिहून द्यावा लागे, आणि पास-नापास ठरवणारा कारकून गोरा. शंभरातल्या सात कृष्णवर्णीयांचीही नोंद नव्हती. मार्च १९६५ मध्ये शेजारच्या अलाबामात, सेल्माच्या पुलावर, मताच्या हक्कासाठी निघालेल्या लोकांनी पोलिसांकडून डोकी फोडून घेतली, ६ ऑगस्टला जॉन्सननं मतदान हक्काचा कायदा केला, आणि दोन वर्षांत तो आकडा साठाच्या आसपास गेला. भावानं पहिल्यांदा मत दिलं तेव्हा कोट भाड्यानं आणला होता म्हणे.

पण सिस्टरांच्या भिंतीवर येशू होता, केनेडी होता, मार्टिन ल्यूथर किंग होते. जॉन्सन नव्हता. कारण त्याच्याच युद्धावर त्यांचा धाकटा मुलगा गेला होता. तो परत आला, पण कसा, हे आत्या दर वेळी निराळं सांगते, म्हणून आम्ही विचारणं सोडून दिलं.

किंगना आमच्या घरातही मान होता. १९५९ मध्ये ते मुंबईला मणिभवनात राहिले, तेव्हा गावदेवीत राहणाऱ्या आजोबांच्या चुलतभावानं त्यांना पाहिलं होतं. निदान तो तसं सांगे. १९६६ मध्ये किंग शिकागोत घरांच्या भेदभावाविरुद्ध मोर्चे काढत होते, तेव्हा त्यांना दगड बसला. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये त्यांना मारलं आणि शिकागोचा पश्चिम भाग पेटला. आत्या त्या दिवसांत वॉर्डातच झोपली, सिस्टरांच्या शेजारच्या खाटेवर. आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घर भाड्यानं देताना वर्ण पाहू नये असा कायदा झाला. त्यावरही सही जॉन्सनचीच. पुन्हा निवडणूक लढवणार नाही, असं त्यानं मार्चअखेरच जाहीर केलं होतं.

आजीनं घास मोजणारा पाहिला, आत्यानं दार उघडणारा, सिस्टरांनी मत देणारा आणि मुलगा नेणारा. मला विचाराल तर तिघींचं खरं. पण सही करणाऱ्याचा हात कुणी धरून आणला, हे सिस्टरांना जितकं ठाऊक होतं तितकं आमच्यात कुणाला नव्हतं.

आत्या आता नव्वदीकडे झुकलीय. मागच्या नववर्षाला तिच्याकडे सगळे जमले होते. तिचा नातू, कॉम्प्युटरवाला, ऐटीत म्हणाला, "आपली माणसं इथे निव्वळ गुणवत्तेवर आली."

आत्या उसळीला फोडणी देत होती. मागे न वळता म्हणाली, "हुशार मी चौसष्टातही होते रे बाबा. तेव्हा कुठे घेतलं मला? सिस्टरांच्या माणसांनी सेल्मात मार खाल्ला, तेव्हा या देशाला वर्णानं माणसं मोजायची लाज वाटायला लागली. त्या लाजेतून मी आत आले."

नातू गप्प. मग तिनं विचारलं, "नव्या पत्त्यावर मतदार नोंदणी केलीस?"

केली नव्हती. त्याला तिथेच फोनवर अर्ज भरायला लावला, आणि मगच ताट वाढलं.