व्हर्नियरने न मोजता येणारा भाग

कोल्हापुरातल्या वाहनदुरुस्तीची मुळे शेतावरच्या ऑइल इंजिनात आहेत. पंचगंगा-भोगावतीच्या काठचा ऊस वाढत गेला, नदीचे पाणी उचलायला आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवायला इंजिने आली. ऐन हंगामात इंजिन बंद पडले तर उसाचे आणि शेतकऱ्याचे दोघांचे नुकसान, म्हणून ते त्याच दिवशी चालू करून देणाऱ्या हातांना मागणी आली. परदेशी इंजिनाचा सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते. तो इथेच करणे भाग होते.

ही हिंमत शहराला आधीपासून होती. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने 1918 च्या सुमारास कोल्हापुरात सिनेकॅमेरा स्वतः तयार केला, तो परदेशी यंत्राची रचना समजून घेऊनच. म्हादबा मेस्त्री हे नाव यंत्रकामात त्याच परंपरेचे मानले जाते: शाळेचे शिक्षण नाही, पण यंत्र डोळ्यांनी वाचता येते. पुढे वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने शिवाजी उद्यमनगर उभे राहिले आणि लेथ, भट्ट्या व फिटरांची दुकाने एकमेकांना लागून वसली. मेस्त्री या शब्दाला कोल्हापुरात जो मान आहे, तो याच वस्तीने मिळवून दिला आहे.

उद्यमनगरची पद्धत सांगायला सोपी, करायला अवघड. बिघडलेला भाग खोलायचा, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने मोजायचा, झीज किती झाली असेल ते अनुभवाने धरून मूळ माप ठरवायचे. मग लाकडी पॅटर्न करायचा. बीड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. ओतीव आले की लेथवर चढवायचे. यातला एकही टप्पा मूळ कारखान्याच्या परवानगीवर अवलंबून नव्हता. वस्तू हातात असली की तिचे ज्ञानही हातात होते. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने वाढले आणि देशातल्या मोठ्या वाहन कंपन्यांना कोल्हापूरचे ओतीव जाऊ लागले. त्या व्यापाराच्या मागे हीच जुनी शिकवण आहे.

मोटार गॅरेजेही याच वळणाची होती. ट्रक, जीप, 1986 साली आलेली टाटा 407, उसाचे ट्रॅक्टर या सगळ्यांत डिझेल पोहोचवण्याचे काम यांत्रिक पंप करी, आणि ‘मायकोचा पंप’ हे शब्द प्रत्येक मेस्त्रीच्या तोंडी असत. इंजिन एका सिलिंडरवर मारत नसेल तर चालू इंजिनात एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर चांगला, बदलला नाही तर दोष तिथे. कान, एक पाना आणि चिंधी एवढ्यावर निदान होई.

ही पद्धत कॉमन रेलने, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून डिझेल देणाऱ्या रचनेने, मोडली. देशात 2000 च्या सुमारास पेट्रोल गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले आणि पुढच्या काही वर्षांत डिझेल गाड्यांत कॉमन रेल आली. तिच्या पाइपात हजार बारहून अधिक दाब असतो. चालू इंजिनात नट सैल केला तर डिझेलची धार कातडी भेदून आत जाऊ शकते. डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, ठरवत होता, आणि त्याच्याशी बोलायला केबल व सॉफ्टवेअर लागत होते. व्हर्नियर लावावा असे तिथे काही नव्हतेच. सॉफ्टवेअर हा कोल्हापूरच्या कारागिराला खोलून नक्कल न करता येणारा पहिलाच सुटा भाग म्हणावा लागेल.

सॉफ्टवेअर सहज मिळत नव्हते. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, दुरुस्ती-पुस्तिका आणि निदानाची साधने नाकारली जातात, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली. पण रस्त्याकडेच्या मेस्त्रीची अडचण एका सरकारी आदेशात इतक्या स्पष्टपणे लिहिली गेली, ही गोष्ट मोठी होती. निदानाच्या सॉफ्टवेअरचा आणि केबलचा अधिकृतपणे विकत घेतलेला जुना संच ज्या गॅरेजकडे असे, त्याचे मोल या टंचाईमुळे फार होते. नव्या सॉफ्टवेअरमधून जुन्या गाड्या गळत जातात, पण शेतकऱ्याची गाडी वीस वर्षे चालते. तिच्यासाठी जुने सॉफ्टवेअर लागते आणि त्या सॉफ्टवेअरसाठी जुना संगणक.

नवा संगणक का चालत नाही, याची कारणे ठोस आहेत. विंडोज 95 आणि 98 च्या काळातले पुष्कळ प्रोग्राम स्वतः 32 बिटचे असले तरी ते बसवणारा इन्स्टॉलर 16 बिटचा असे, आणि 64 बिटच्या विंडोजवर 16 बिटचे काहीही चालत नाही. काही प्रोग्राम सिरियल पोर्टशी थेट बोलत. विंडोज एक्सपी आणि तिच्या कुळातल्या प्रणाली तशी मुभा देत नाहीत. परवान्याची खूण म्हणून पॅरलल पोर्टला लावायचा डोंगल असे, आणि हे दोन्ही पोर्ट लॅपटॉपवरून हळूहळू नाहीसे झाले.

सर्वांत नाजूक बाब वेळेची. जुन्या गाड्यांत ईसीएमशी बोलणे के-लाइन नावाच्या एकाच तारेवरून होते. सोळा पिनांच्या सॉकेटात ती सातव्या पिनवर असते. आयएसओ 9141-2 या पद्धतीत संगणक आधी सेकंदाला पाच बिट इतक्या संथ गतीने पत्ता पाठवतो, त्यालाच दोन सेकंद लागतात. मग ईसीएम सेकंदाला 10,400 बिटच्या वेगाने उत्तर देतो आणि संगणकाने 25 ते 50 मिलिसेकंदांत पोच द्यावी अशी अपेक्षा धरतो. सिरियल पोर्टऐवजी यूएसबीचे जोडणीयंत्र लावले की पोच उशिरा पोहोचू शकते, आणि पडद्यावर ‘संपर्क नाही’ एवढेच दिसते. केबल चांगली, गाडी चांगली, तरी बोलणे होत नाही. सिरियल पोर्ट असलेला जुना लॅपटॉप म्हणूनच जपून ठेवण्यासारखा.

तो पुन्हा उभा करायचा तर आधी मदरबोर्डवरची सीआर 2032 बॅटरी बदलावी. ती उतरली की तारीख मागे जाते आणि तारखेशी बांधलेला परवाना अडतो. एक्सपी बसवताना हार्डडिस्क ओळखली गेली नाही तर बायॉसमध्ये साटाची पद्धत आयडीई करावी लागते. त्यानंतर पोर्टचा क्रमांक: जुने प्रोग्राम कॉम 1 ते कॉम 4 एवढेच ओळखतात, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो हाताने खाली आणावा. केबलला स्वतःचा ड्रायव्हर असेल तर बहुधा आधी सॉफ्टवेअर बसवून मगच केबल लावायची असते. उलट केले तर विंडोज भलताच ड्रायव्हर धरते. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती 8 एप्रिल 2014 ला थांबली, तेव्हा असा संगणक इंटरनेटला न जोडलेलाच बरा. गाडीची बॅटरीही तपासून घ्यावी, कारण कमी व्होल्टेजवर ईसीएम अर्धवट बोलतो आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी बसतो.

सगळे नीट चालल्यावर करायचे काम म्हणजे डिस्कची पूर्ण प्रत. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 नुसार प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला तो हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून प्रत करून ठेवता येते. कोल्हापुरात याला पावसाचेही कारण आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांवर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा तसाच पूर आला. पुरात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगच्या जोडांत गंज चढतो आणि दोष एकामागून एक दिसू लागतात, म्हणजे जुन्या संगणकाची गरज नेमकी तेव्हाच वाढते. तो गॅरेजच्या जमिनीलगतच्या फळीवर असेल तर त्याच पाण्यात गेलेला असतो. डिस्कची प्रत दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवलेली असेल, तर तसल्याच दुसऱ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ती बसवून काम पुढे सुरू करता येते.