लिस्पमधील रीडर आणि मॅक्रो : एका लांबणीवर पडलेल्या संकल्पाचा इतिहास

‘आज्ञावली हीच सामग्री’ हे लिस्प या संगणकभाषेचे वैशिष्ट्य सर्वत्र सांगितले जाते आणि तिच्या मॅक्रो-सुविधेचे मूळही त्यातच शोधले जाते. हे चुकीचे नाही. परंतु हे वैशिष्ट्य योजनापूर्वक आणलेले नव्हते आणि त्याची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागली, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एम.आय.टी. येथे लिस्पचे काम आरंभिले. त्यांच्या १९६० च्या निबंधात दोन लेखनपद्धती आढळतात : सामग्रीसाठी कंसबद्ध ‘एस-एक्स्प्रेशन’ आणि आज्ञावलीसाठी गणिती लेखनाच्या जवळची ‘एम-एक्स्प्रेशन’. स्टीव्ह रसेल यांनी त्यातील ‘इव्हॅल’ हे फलन आयबीएम ७०४ या यंत्रावर उतरविले आणि आज्ञावल्याही कंसांतच लिहिल्या जाऊ लागल्या. दुसरी पद्धती कोणी रद्द केली नाही. ती अनिश्चित काळापर्यंत मागे पडली, असे खुद्द मॅकार्थी यांनीच १९७८ मध्ये नमूद केले आहे.

या योगायोगामुळे टिमथी हार्ट यांना ऑक्टोबर १९६३ च्या टिपणात मॅक्रोची कल्पना सहजपणे मांडता आली. ‘रीडर’ हा भाग अक्षरांच्या ओळीतून लिस्ट घडवितो. मॅक्रो ती लिस्ट घेऊन दुसरी लिस्ट देतो. श्लोकाचा आधी पदच्छेद आणि मगच अन्वय, तसाच हा क्रम आहे. म्हणून एखाद्या विधानाच्या पोटात रीडरचे नियम बदलले, तरी त्याच विधानाच्या उर्वरित भागास ते लागू होत नाहीत. ते संपूर्ण विधान आधीच वाचून झालेले असते.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. रीडर नामे देतो, पण कोणते नाम कोणत्या व्याप्तीतील, हे सांगत नाही. दोन चलांच्या किमतींची अदलाबदल करणाऱ्या मॅक्रोने तात्पुरते चल म्हणून ‘टेम्प’ हे नाम वापरले आणि वापरकर्त्याच्या चलाचे नावही तेच निघाले, तर अदलाबदल होतच नाही, आणि चूक दाखविणारा संदेशही येत नाही. यावर ‘जेनसिम’ हा उपाय रूढ झाला : रीडरला मजकुरातून कधीच मिळू शकणार नाही असे नाम निर्माण करणे. उपाय चतुर खरा, पण तो प्रत्येक मॅक्रोकाराच्या सावधपणावर विसंबून होता. १९८६ मध्ये कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझन व ड्युबा यांनी ‘हायजिनिक’ विस्ताराची पद्धत मांडून ही जबाबदारी यंत्रणेकडे सोपविली. स्कीम भाषेच्या १९९८ च्या अहवालात तिला अनिवार्य स्थान मिळाले.

मॅक्रो लिहिताना वापरल्या जाणाऱ्या ‘बॅककोट’ या चिन्हाबाबतही मतभेद दिसतात. स्कीममध्ये त्याचे रूपांतर ठरलेल्या लिस्टमध्येच होते. १९८४ च्या कॉमन लिस्पने मात्र ती रचना कार्यान्वयन करणाऱ्यावर सोपविली. परिणामी, तेथे बॅककोटयुक्त मजकूर मॅक्रोच्या हाती आला, तर त्याच्या अंतर्रचनेवर विसंबता येत नाही.

पुढील भाषांनी रीडरकडूनच अधिक काम करून घेतले. २०१० पूर्वी ‘पीएलटी स्कीम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रॅकेटमध्ये रीडर मूळ मजकुरातील स्थानाची नोंद असलेली वस्तू देतो, आणि विस्तारक तिच्यावर व्याप्तीची माहिती चढवितो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लोजरमध्ये बॅककोटमधील नामांस वाचतानाच नामावकाश जोडला जातो. तेथे वापरकर्त्यास रीडरची नवी चिन्हे घडविण्याची मोकळीक मात्र मुद्दामच दिलेली नाही.