लाईन जायच्या आत आठ-चार

आमच्या बीबी गावच्या पोरांना मारिओ लवकर संपवायची घाई शिकवली ती लाईनने. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नाही. लाईन गेली की सातव्या जगात पोचलेला पोरगाही पुन्हा एक-एकला, म्हणजे पहिल्या जगाच्या पहिल्या स्टेजला. २००५ नंतर ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन तासन्‌तास चालायचं, आणि त्याआधीही आमच्या लोणार तालुक्यात लाईनचा भरवसा नव्हताच. सगळ्या ३२ स्टेज क्रमाने खेळायच्या तर तेवढा वेळ सलग लाईन मिळायला नशीब लागे. म्हणून पोरं चोरवाटा शोधत. जगात आज ज्याला स्पीडरन म्हणतात, त्याची आमच्याकडची सुरुवात ही अशी. तिची नोंद कुणी ठेवली नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरच्या आमच्या गावात हे व्हिडिओ गेम आले ते लग्नात आहेर म्हणून, नाहीतर जालन्याहून कुणाच्या तरी पिशवीतून. मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डोचं, १९८३ सालचं फॅमिकॉम. मारिओ त्यावर आला १३ सप्टेंबर १९८५ ला. तो रचला शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी. सगळा खेळ ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवर येणारा सकाळच्या शुभेच्छांचा एक फोटो त्याहून मोठा असतो. आपल्याकडे मूळ यंत्र क्वचितच दिसे. दिसत त्या त्याच्या नकला: समुराई, मीडिया, लिटल मास्टर, आणि नावगाव नसलेले कितीतरी. मूळ यंत्रात दोन मोठ्या चिप असतात. स्वस्त नकलेत सगळं एकाच तुकड्यावर आणि वर काळ्या इपॉक्सीचा थेंब. तो थेंब गेला की सेट गेला, तिथे डाग देऊन उपयोग नाही. बाकी मात्र दुरुस्त होई. अडॅप्टरची वायर आतून तुटलेली असे, जॉयस्टिकच्या बटणाखालचं काळं कार्बन झिजलेलं असे. कॅसेट चालली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारत. तोंडातल्या ओलीने पट्ट्या आणखी गंजतात. मी त्या खोडरबराने घासून देई.

‘काका, झाला का सेट? पाचला लाईन जाणार हाय,’ म्हणत पोरं दुकानात उभी राहत, आणि तपासणीसाठी सेट लावला की मला चोरवाटा शिकवत.

एक-दोन ही जमिनीखालची स्टेज. तिच्या छतावर चढून धावत सुटलं की शेवटी तीन पाइपांची खोली लागते आणि थेट चार-एकला जाता येतं. ही वाट बनवणाऱ्यानेच ठेवलेली, ती सगळ्यांना माहीत. खरी गंमत तिच्या शेजारच्या भिंतीत. बाहेर जायच्या पाइपावर उभं राहायचं, वरच्या विटा फोडायच्या, पण भिंतीलगतची एक शाबूत ठेवायची. मग तोंड डावीकडे करून, खाली बसून, उजवीकडे उडी. पाय नेमका विटेच्या कडेत रुतला की प्रोग्रामला मारिओला कुठे ढकलावं ते कळत नाही, आणि तो त्याला भिंतीतून सरळ पलीकडे सरकवतो. पडदा पुरेसा सरकलेला नसल्याने पाइपांचे खरे पत्ते अजून भरलेले नसतात. अशा वेळी पहिल्या पाइपात उतरलं की खेळ ३६ नंबरच्या जगात नेतो. त्या नंबराचं चित्र कोरं आहे, म्हणून वर नुसतं ‘-१’ दिसतं. आत पाणीच पाणी, आणि शेवटचा पाइप पुन्हा सुरुवातीलाच आणतो. लाइफ संपेपर्यंत सुटका नाही. वेळ वाचवायला ही जागा निरुपयोगी, पण भिंत पार करता येते हे पोरांना इथेच कळलं, आणि ते कळणं मला मोलाचं वाटतं.

तीन-एकच्या पायऱ्यांवर कासवाला पुन्हा पुन्हा ठेचून लाइफ वाढवायची युक्तीही घरोघरी होती. तिथे हाव नडते. लाइफचा आकडा १२७ च्या पुढे गेला की खेळ तो उणे धरतो, आणि पुढच्या एका मरणात सगळं खलास.

हीच विद्या परदेशात घड्याळ लावून वाढली. विक्रमवाले ३२ पैकी फक्त आठ स्टेज खेळतात: एक-एक, एक-दोन, चार-एक, चार-दोन आणि आठव्या जगातल्या चारही. चार-दोनमध्ये ते जे करतात ते पाहून मी थक्क झालो. तिथली चोरवाट वेलीवरून जाते आणि वेल चढण्यात वेळ जातो. मारिओ सहसा पडद्याच्या मध्याच्या पुढे जात नाही. पण विटांना कडेने घासत उड्या मारल्या तर तो हळूहळू पुढे सरकतो आणि पडदा मागे राहतो. पाइपाने कुठे न्यायचं हे खेळ पडद्याच्या जागेवरून ठरवतो. पडदा मागे असल्याने त्याच्याकडे अजून वेलीचाच पत्ता असतो, आणि साधा पाइप मारिओला आठव्या जगाच्या दारात सोडतो.

शिवाय स्टेज संपली का, हे खेळ दर २१ फ्रेमनी (पडद्यावरच्या २१ चित्रांनी) एकदाच तपासतो, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदांनी. खेळाडू बसचा दाखला देतात: स्टँडवर थोडं आधी पोचलात तरी गाडी तिच्या वेळेलाच सुटते. वेळ वाचवायची तर आधीची गाडी गाठावी लागते. म्हणून विक्रम इतके जवळजवळ. अँड्र्यू गार्डिकिस यांनी २०११ मध्ये ४ मिनिटं ५८ सेकंदांत खेळ संपवला. पुढचे चार सेकंद तोडायला दहा वर्षं लागली. निफ्ट्स्की नावाने खेळणाऱ्याने एप्रिल २०२१ मध्ये ४:५४.९४८ ची वेळ दिली.

आमच्या पोरांना ही वेळ गाठता आली असती का? त्या सेटवर नाही, आणि यात त्यांच्या बोटांचा दोष नाही. त्या काळी जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा, आपला ५० वेळा. मारिओची चाल त्या पडद्याला बांधलेली. नकली कॅसेटीत मूळचाच प्रोग्राम घातलेला, त्यामुळे आपल्याकडे खेळ एक षष्ठांशाने हळू चालायचा. तिकडची पाच मिनिटं म्हणजे इथली सहा. आमच्याकडे कुणी साडेसहा मिनिटांत आठ-चार गाठून राजकन्या सोडवली असेल, तर तो खेळाडू म्हणून कुठेही कमी नव्हता.

अशा युक्त्यांना फसवणूक म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. इथे कुणी यंत्र उघडत नाही, प्रोग्रामला हात लावत नाही. सगळ्यांच्या हातात तीच बटणं असतात. यंत्र आतून कसं विचार करतं हे बाहेरून ओळखायचं, आणि तेही एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात. ही कारागिरी आहे. ज्या वयात ती या पोरांनी कमावली, त्या वयात मला साधा रेझिस्टर ओळखता येत नव्हता.

बीबी, सुलतानपूर, दुसरबीड, लोणार, जिथे कुठे तुमच्या माळ्यावर असा सेट पडला असेल, तो भंगारात घालू नका. कॅसेटीच्या पट्ट्या खोडरबराने पुसा, लावून बघा. त्या काळी कोणती युक्ती कुणाकडून शिकलात ते वहीत लिहा. वेळ मोजलीत तर सेट ५० चा की ६० चा, हे शेजारी लिहायला विसरू नका.