कासदाहातील जनुक-अभिव्यक्ती

कासदाह म्हणजे दुभत्या जनावराच्या कासेला बहुधा जिवाणूंच्या संसर्गामुळे येणारी सूज. पशुपालकांमध्ये हा रोग 'दगडी' या नावानेही ओळखला जातो. रोगाच्या काळात गाईच्या दुग्धग्रंथीतील अभिस्तर पेशींमध्ये काही जनुके अधिक सक्रिय होतात, तर काही मंदावतात. या पेशी दुग्धग्रंथीतील सूक्ष्म पिशव्यांचे आतील अस्तर असून दूध तयार करणे हे त्यांचे मुख्य कार्य आहे. मात्र सडाच्या छिद्रातून शिरलेल्या जिवाणूंची चाहूलही त्यांना लवकर लागते.

== दोन जिवाणू, दोन प्रतिसाद ==

एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा घटक टीएलआर-४ या ग्राही प्रथिनाद्वारे ओळखला जातो. त्यानंतर एनएफ-कॅपा-बी हा प्रथिनसमूह पेशीकेंद्रकात जाऊन दाहाशी निगडित जनुके कार्यान्वित करतो. काही तासांतच टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ यांच्या संदेशवाहक आरएनएचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. इंटरल्यूकिन-८ मुळे रक्तातील न्यूट्रोफिल पेशी कासेकडे आकर्षित होतात. दुधातील कायिक पेशींची संख्या वाढण्याचे हे प्रमुख कारण आहे. बीटा-डिफेन्सिन गटातील जिवाणुनाशक पेप्टाइडांची जनुकेही सक्रिय होतात.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या बाबतीत चित्र वेगळे दिसते. गाईचे टीएलआर-२ हे ग्राही प्रथिन या जिवाणूला ओळखू शकते, म्हणजे उणीव ग्राहीत नाही. तरीही २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार दुग्धग्रंथीच्या अभिस्तर पेशींत या जिवाणूमुळे एनएफ-कॅपा-बी सक्रिय झाले नाही, तसेच कासेत टीएनएफ-अल्फा व इंटरल्यूकिन-८ यांची जनुके त्वरेने चेतवली गेली नाहीत. एश्चेरिकिया कोलायमुळे होणारा कासदाह बहुधा तीव्र व अल्पकाळ टिकणारा असतो, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा संसर्ग बाह्य लक्षणांविना दीर्घकाळ राहू शकतो. या फरकामागे जनुकांचा हा क्षीण प्रतिसाद एक कारण मानला जातो. जिवाणू पेशींच्या आत दडून राहतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

== दुधाच्या जनुकांवरील परिणाम ==

तीव्र कासदाहात केसीन प्रथिनांच्या जनुकांची अभिव्यक्ती घटते. अल्फा-एस१-केसीनच्या जनुकाजवळ स्टॅट-५ हे नियामक प्रथिन जोडले जाणारा डीएनएचा एक भाग आहे. दूध देणाऱ्या निरोगी कासेत त्यावर मिथिल गट कमी असतात. एश्चेरिकिया कोलायच्या तीव्र संसर्गात ते पुन्हा वाढतात आणि जनुकाचे कार्य थांबते. त्यामुळे दुधातील घट केवळ पेशी नष्ट झाल्याने होते, असे म्हणता येत नाही.

== अभ्यासपद्धती ==

गाईचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी सूक्ष्मपट्टिका आणि आता आरएनए-अनुक्रमण वापरून हजारो जनुके एकाच वेळी तपासली जातात. कासेच्या ऊतीचा नमुना घेतल्यास त्यात न्यूट्रोफिल पेशींचा आरएनएही मिसळलेला असतो, म्हणून वेगळ्या वाढवलेल्या अभिस्तर पेशी किंवा मॅक-टी ही पेशीमालिका वापरतात. अशा पेशींवर बरेचदा उष्णतेने मारलेले जिवाणू सोडले जात असल्याने जिवंत जिवाणूंच्या विषांचा परिणाम या प्रयोगांत दिसत नाही.